बारा मीटरचं अंतर

शर्यतीच्या आधी सगळ्या स्पर्धकांना एका मोठ्या तंबूत बसवून नियम समजावून सांगतात. ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्ट गावी, व्योर्थरझे तलावाच्या काठी, जूनच्या अखेरीस मी अशी बसले होते. भोवती उन्हानं रापलेली, सडसडीत अंगाची माणसं, आणि समोरच्या पडद्यावर एकामागून एक नियम. सायकलवर पुढच्या माणसापासून 12 मीटर अंतर ठेवायचं; ते त्याच्या पुढच्या चाकापासून आपल्या पुढच्या चाकापर्यंत मोजायचं. ओलांडायचं तर 25 सेकंदांत ओलांडायचं. दुसऱ्याच्या पाठीमागे राहून वारा चुकवताना सापडलात, तर दंडाच्या तंबूत पाच मिनिटं उभं राहायचं. कानात गाणी चालणार नाहीत. घरच्यांनी हातात पाणी द्यायचं नाही, खायला द्यायचं नाही, शेजारून पळायचं नाही. 3.8 किलोमीटर पोहायचं, मग 180 किलोमीटर सायकल, आणि त्यावर 42.2 किलोमीटरची अख्खी मॅरेथॉन. हे सगळं मध्यरात्रीच्या आत, म्हणजे सतरा तासांत, आणि एकट्यानं.

धाकटी बहीण शेजारी बसली होती. कोल्हापूरहून ती माझ्यासोबत आली होती, रजा टाकून, पदरचे पैसे घालून. ती कानाशी लागून म्हणाली, "ताई, मग मी कशाला आलेय गं?"

आयर्नमॅन म्हणून ओळखली जाणारी ही शर्यत सुरू झाली तेव्हाची रीत याच्या अगदी उलट होती. 18 फेब्रुवारी 1978 रोजी हवाईतल्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन झाली. पोहणाऱ्याचं शरीर जास्त तयार, की पळणाऱ्याचं, की सायकलवाल्याचं, अशा एका वादातून अमेरिकी नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्यूडी यांना ही कल्पना सुचली. बेटावर तीन शर्यती होतच होत्या: वायकीकीची समुद्रातली पोहण्याची, बेटाभोवतीची सायकलची आणि होनोलुलूची मॅरेथॉन. त्या एका दिवसात जोडल्या. 15 जण सुटले, 12 जण पोचले. गॉर्डन हॉलर 11 तास 46 मिनिटं 58 सेकंदांत पहिला आला. आणि त्या दिवशी प्रत्येकानं मदतीची माणसं आपली आपणच आणायची होती. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या माणसांकडचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. ज्याची माणसं नीट, त्याची शर्यत नीट.

आता घरच्यांना दोरीच्या पलीकडे उभं करतात, ते सगळ्यांना सारखं मिळावं म्हणून. मला हा नियम न्याय्य वाटतो. फक्त घरच्यांची जागा रिकामी झाली की ती दुसऱ्या कुणीतरी भरावी लागते. क्लागेनफुर्टमध्ये ती कोण भरतं हे मी दिवसभर पाहिलं, आणि शर्यतीतलं माझं स्वतःचं जे काही होतं त्यापेक्षा ते सांगावंसं मला जास्त वाटतं.

व्हिएन्नाहून आम्ही रेल्वेनं गेलो. सायकल सुटी करून पेटीत भरलेली, ती पेटी डब्याच्या दारापाशी, आणि आम्ही दोघी पाळीपाळीनं तिच्याजवळ. गाडी सेमरिंगच्या घाटात शिरली तेव्हा बहिणीला मी जागं केलं. कार्ल फॉन गेगा या अभियंत्यानं 1848 ते 1854 या काळात आल्प्समधून काढलेला हा मार्ग. दगडी कमानींचे दुमजली पूल, बोगदे, आणि वळण एवढं की आपल्याच गाडीचं इंजिन खिडकीतून दिसतं. बोरघाटातून लहानपणापासून जाणाऱ्या माणसाला घाटातल्या रेल्वेचं अप्रूप नसतं असं मला वाटायचं. तसं काही नसतं, आम्ही दोघी नाक काचेला लावून बसलो होतो.

क्लागेनफुर्ट हे केर्न्टन प्रांताचं मुख्य शहर. दक्षिणेला काराव्हांकन पर्वताची रांग, तिच्यापलीकडे स्लोव्हेनिया. शहराच्या मोठ्या चौकात लिंडवुर्म नावाच्या पंखवाल्या अजस्र सरपटणाऱ्या प्राण्याचं दगडी शिल्प आहे. सोळाव्या शतकातलं, एकाच शिळेतून कोरलेलं. दलदलीतल्या या राक्षसाला मारून गाव वसवलं, अशी कथा. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, म्हणून मला त्या शिल्पाच्या डोक्याची गोष्ट फार आवडली. 1335 मध्ये जवळपास एक भली मोठी कवटी सापडली होती. लोकांना ती त्या राक्षसाचीच वाटली, आणि पुढे शिल्पकारानं डोकं घडवताना ती समोर ठेवली असं मानतात. ती होती हिमयुगातल्या लोकरी गेंड्याची. नामशेष प्राण्याच्या हाडांवरून त्याचं रूप उभं करण्याचा इतका जुना प्रयत्न चौकात उघड्यावर उभा आहे, आणि पोरं त्याच्या कारंज्यात हात घालून खेळतायत. शर्यतीच्या आधी पाय वापरू नका असं सगळे बजावत असताना मी त्या शिल्पाभोवती बराच वेळ फिरले.

जेवणाची मला काळजी होती, कारण मी शाकाहारी. केर्न्टननं ती मिटवली. तिथं काझनुडेल्न म्हणून पदार्थ करतात. कणकेच्या पारीत ताज्या चक्क्यासारखं चीज, बटाटा आणि पुदिना भरायचा, पारी दुमडून कडेला बोटांनी मुरड घालायची, उकडायचं आणि वर पातळ केलेलं लोणी सोडायचं. ती मुरड पाहून आम्हा दोघींना आईच्या करंज्या आठवल्या. ज्या घरात आम्ही उतरलो होतो तिथल्या आजी पुढ्यात बसून मुरड घालायला शिकवत होत्या, आणि ज्या मुलीला मुरड जमत नाही तिला नवरा मिळत नाही असं इकडे म्हणतात, हेही त्यांनी सांगितलं. बहीण म्हणाली, हे वाक्य आम्ही घरून निघतानाच ऐकून आलोय. त्यांच्या नातवानं ते जर्मनमध्ये सांगितल्यावर आजी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

इथवर येण्याची तयारी कोल्हापुरात झाली. मी पोहायला शिकले कागलकडच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून, काकांनी वरून दोर धरलेला. पुढे लग्न, नोकरी, मुलं यांत ते पोहणं मागे पडलं होतं. चाळिशी ओलांडल्यावर राजाराम तलावात पहाटे काही मंडळी पोहतात असं कळलं आणि मी जायला लागले. ज्यांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणतो, ते आमचे शिक्षक. पंचगंगेच्या पुरात पोहून मोठे झालेले. त्यांनी मला हात पाण्यात कसा शिरावा हे शिकवलं, आणि त्याहून जास्त वेळ श्वास सावकाश सोडायला शिकवलं.

सायकलीसाठी गगनबावड्याचा रस्ता. जाऊन-येऊन एकशे दहा किलोमीटर, त्यात पन्हाळ्याची वाट जोडली की मोठ्या दिवसाचा सराव होतो. उसाच्या हंगामात हा रस्ता अवघड असतो. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, वरून ऊस बाहेर आलेला. पहाटे चारला घराबाहेर पडणारी चाळिशीपुढची बाई, चेहऱ्यावर दिवा, अंगात घट्ट कपडे. पहिले काही महिने लोक वळून वळून बघायचे. मग दूधवाल्यांना सवय झाली. घाटमाथ्याच्या टपरीवाल्या मामांनी एकदा न विचारता माझ्या दोन्ही बाटल्या भरून ठेवल्या, एकीत नुसतं पाणी आणि दुसरीत लिंबू, मीठ, साखर. नंतर ते नेहमीचंच झालं. ते पैसे घेत नसत, म्हणून मी चहा पिऊन त्याचे पैसे जास्त देई, आणि ते सुट्टे परत करीत.

शर्यतीच्या दिवशी पहाटे पाचला उजाडलं होतं. तलावावर पातळ धुकं, पाण्याचा रंग दुधाळ हिरवट निळा. साडेसोळा किलोमीटर लांबीचा हा तलाव आल्प्सच्या मानानं ऊबदार गणतात. काठावरच्या पोर्टशाखला संगीतकार ब्राम्सनं 1877 च्या उन्हाळ्यात आपली दुसरी सिंफनी लिहिली. समोरच्या मायर्निगच्या झाडीत मालरची संगीत लिहिण्याची झोपडी अजून आहे, आणि तो इथं रोज पोहत असे. ऊबदार म्हटलं तरी राजाराम तलावाच्या सवयीच्या अंगाला ते पाणी गारच. वेटसूट घालायला परवानगी होती. पाणी 24.5 अंशांच्या खाली असलं की हौशी स्पर्धकांना तो चालतो. रबरी कापड अंगाला चिकटलेलं, छातीशी आवळलेलं. बहिणीनं पाठीची चेन ओढून दिली. शर्यत सुरू व्हायच्या आधी एवढी मदत चालते. तिनं ती ओढली आणि हात काढून घेतला.

मग पाणी, आणि पाण्यात सगळीकडे माणसं. पहिल्या काही मिनिटांत कुणाचा हात पाठीवर पडतो, कुणाचा पाय चष्म्यावर लागतो. त्यात राग धरण्यासारखं काही नसतं, प्रत्येक जण फक्त पुढचा पिवळा बोया शोधत असतो. मी थोडी बाजूला राहून पोहले. पश्चिमेकडे जाताना काराव्हांकनची रांग डावीकडे, दर दुसऱ्या श्वासाला दिसायची. टोकाला वळून परत फिरलो तसा सूर्य नेमका समोर आला आणि काहीच दिसेना. बोया नाही, किनारा नाही, फक्त चमकणारं पाणी आणि पुढच्या माणसाच्या पायांचे बुडबुडे. पोहताना दुसऱ्याच्या मागे राहायला बंदी नाही, हे मला तिथं उमगलं. सायकलवर जो गुन्हा, तो पाण्यात रिवाज. पुढच्याच्या पायांमागचं पाणी सैल झालेलं असतं, त्यात हात हलका जातो. एका अनोळखी माणसाच्या पांढऱ्या तळव्यांवर नजर ठेवून मी बराच पल्ला काढला. त्याचा चेहरा मी कधी पाहिला नाही.

शेवटचा किलोमीटरभर भाग लेंडकनालमध्ये. 1527 मध्ये खणायला घेतलेला हा कालवा तलाव शहराशी जोडतो. त्याच्या तोंडाशी मारिया लोरेटोचा छोटा राजवाडा आहे. तलावाच्या मोकळ्या पाण्यातून त्या चिंचोळ्या कालव्यात शिरलं की सगळं बदलतं. पाणी उथळ आणि गढूळ होतं, शेवाळ हाताला लागतं, सगळ्यांच्या पोहण्यानं उठलेली लाट पुढे ढकलते, आणि श्वासासाठी मान वळवली की दोन हातांवर माणसं. दोन्ही काठांवर उभी, बसलेली, झोपाळू मुलांना खांद्यावर घेतलेली, आपल्या चालीनं सोबत चालणारी. पुलाखालून जाताना वरच्या टाळ्यांचा आवाज पाण्यात घुमतो. विहिरीच्या कठड्यावर वाकून बघणारे चेहरे मी लहानपणी खालून पाहिलेत. पोहताना कुणी इतक्या जवळून आपल्याकडे बघतंय हे त्यानंतर पहिल्यांदाच घडत होतं, आणि मला हुंदका आला. पाण्यात हुंदका देता येत नाही, म्हणून मी तो बुडबुड्यांत सोडला.

सायकलचा मार्ग तेव्हा नव्वद-नव्वदच्या दोन फेऱ्यांचा होता. तलावाच्या काठानं फेल्डन, मग फाकरझे, मागे 2145 मीटर उंचीचा मिटाग्सकोगल, मग रुपर्टीबर्गचा चढ आणि शहराकडे उतार. रस्ते असे गुळगुळीत की टायरचा आवाज ऐकू येत होता. इथं ते 12 मीटरचं अंतर खरं कळतं. सपाटीवर सायकलस्वाराची बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते. दुसऱ्याच्या मागे शिरलं की ती वाचते, म्हणूनच तो मोह आणि म्हणूनच तो नियम. पुढचा दिसतो, त्याच्या पिंढऱ्यांचे स्नायू दिसतात, पण त्याच्याशी बोलता येत नाही, त्याचा आडोसा घेता येत नाही. मोटारसायकलवरचे पंच येऊन बघून जातात. सहा-सात तास माणसांच्या रांगेत राहून मी इतकी एकटी कधी नव्हते.

पण प्रत्येक नाक्यावर कुणीतरी उभं होतं. ऑस्ट्रियातल्या गावोगावी स्वयंसेवी अग्निशमन दलं असतात. शेतकरी, सुतार, दुकानदार असे लोक आपापली कामं सांभाळून ते चालवतात. त्यांच्या गणवेशातली माणसं चौकाचौकांत वाहनं अडवून उभी होती. पहिल्या फेरीत एका वळणावर झेंडा धरून उभा असलेला पोक्त माणूस दुसऱ्या फेरीलाही तसाच, त्याच जागी, त्याच हातानं झेंडा धरून होता. मधले साडेतीन तास तो तिथून हलला नसावा. पाण्याच्या थांब्यांवर शाळकरी मुलं बाटल्या पुढे धरून पळत होती, आपल्या वेगाशी वेग जुळवत, हात ताठ ठेवून, म्हणजे घेताना झटका बसू नये. केळं धरायची त्यांची पद्धतही ठरलेली होती, देठाकडून धरून खालची बाजू आपल्याकडे. रुपर्टीबर्गच्या चढावर दुसऱ्या फेरीत माझा वेग चालण्याइतका झाला. लोक दोन्ही बाजूंनी रस्त्यात इतके आत आले होते की एका सायकलीपुरती फट उरली होती. छातीवरच्या पट्टीवर नाव असतं. त्यांना ते नीट उच्चारता येत नव्हतं, तरी प्रत्येक जण प्रयत्न करत होता. "हॉप, हॉप, हॉप!" म्हणत एक बाई पातेल्याच्या झाकणावर डाव आपटत शेजारून धावली आणि नियम आठवून दोन पावलांत थांबली.

खाण्याचं सांगायला हवं, कारण एवढ्या लांबच्या शर्यतीत पायांइतकंच पोट पळत असतं. माणसाच्या स्नायूंत आणि यकृतात मिळून चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन मावतं, म्हणजे साधारण दोन हजार किलोकॅलरी. एवढा दिवस त्याच्या कितीतरी पट मागतो. चरबी भरपूर असते, पण ती सावकाश जळते. म्हणून बाहेरून साखर देत राहायची. पण आतडं नुसतं ग्लुकोज तासाला साठेक ग्रॅमच शोषतं. त्याच्या जोडीला फ्रुक्टोज दिलं तर ते वेगळ्या वाहकानं आत जातं आणि आकडा नव्वदपर्यंत नेता येतो. वर्गात फळ्यावर काढलेले ते वाहक इथं माझ्या पोटात काम करत होते आणि मी दर वीस मिनिटांनी घड्याळ बघून त्यांना पुरवठा करत होते. मीठ लावलेले उकडलेले बटाटे, राजगिऱ्याच्या वड्या, बाटलीतलं गोड पाणी. नुसतं पाणी ढोसत राहणंही घातकच. रक्तातलं सोडियम विरळ होतं आणि धडधाकट माणूस रस्त्यात भ्रमिष्टासारखा वागायला लागतो.

मॅरेथॉन सुरू झाली तेव्हा दुपारचं ऊन होतं. मार्ग तलावाच्या काठानं क्रुम्पेनडॉर्फकडे, मग परत फिरून कालव्याकाठच्या झाडांखालून जुन्या शहरापर्यंत, आणि हे सगळं दोनदा. पहिली फेरी मी पळले. दुसरीत पंधरा मिनिटं पळणं आणि थोडं चालणं असं ठरवलं, मग पुढच्या झाडापर्यंत पळणं, मग पुढच्या दिव्यापर्यंत. माझ्या पुढे-मागे सगळे तेच करत होते. इथं मात्र 12 मीटरचा नियम संपतो. पळताना शेजारी-शेजारी जाता येतं, आणि सायकलवर सात तास न बोललेली माणसं आता बोलत होती. पोलंडची एक बाई बराच वेळ माझ्यासोबत होती. तिला इंग्रजी थोडं, मला पोलिश मुळीच नाही. तिनं बोटांनी दाखवलं, तीन मुलं. मी दोन दाखवली. मग आम्ही मुलांची नावं एकमेकींना शिकवत एका थांब्यापर्यंत गेलो.

तिथं माझं पोट फिरलं. गोड काही जाईना. एका टेबलामागे सत्तरीचे आजोबा खारट सुपाचं पातेलं घेऊन बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागदी ग्लास अर्धा भरला, स्वतःच्या हाताच्या पाठीला लावून फार गरम नाही ना बघितलं आणि मग दिला. मांस नाही, भाजीचंच आहे, हे पातेल्याकडे बोट करून त्यांनी आधी सांगितलं. माझ्या छातीवरच्या तिरंग्यावरून त्यांनी तो अंदाज बांधला असणार. मी उभ्यानं तीन ग्लास प्याले.

कालव्याकाठी बहीण भेटली. ती रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं, माझ्या चालीनं चालू लागली. दोन्ही हात तिनं पाठीमागे बांधले होते. तिच्या पिशवीत घरचे शेंगदाण्याचे लाडू आहेत हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं.

"ताई, बोललेलं चालतं ना गं?"

"चालतं."

"मग ऐक. आईचा फोन येऊन गेला. सर येऊन गेलेत घरी, फोनवर तुझा ठिपका बघत बसले होते सगळे. मामांना टपरीवर कुणीतरी दाखवलंय. तू पाण्यातून बाहेर पडलीस ते आम्हाला नीट दिसलं नाही, नुसती टोपी दिसली." ती बोलत राहिली, कोल्हापुरातल्या पावसाचं, शेजारच्या घरातल्या बारशाचं, आजींनी तिला काल पुन्हा मुरड घालायला बसवलं त्याचं. हात पाठीमागेच. शेवटच्या वळणाआधी दोरी आली तेव्हा ती थांबली.

मदत न घेण्याच्या या नियमाची सगळ्यांत मोठी परीक्षा टीव्हीनं जगाला दाखवली ती फेब्रुवारी 1982 मध्ये, हवाईतच. ज्यूली मॉस ही तेवीस वर्षांची मुलगी महिलांमध्ये पुढे होती आणि समाप्तीच्या अगदी जवळ तिचे पाय गेले. ती पडली, उठली, पुन्हा पडली. लोक धावले, तेव्हा कुणी हात लावला तर आपण बाद होऊ या भीतीनं तिनं त्यांना दूर केलं. कॅथलीन मॅककार्टनी तिला ओलांडून जिंकली, आणि मॉस 29 सेकंदांनी रांगत आली. त्यानंतर कितीतरी सर्वसामान्य माणसं या खेळाकडे वळली. ते चित्रण मी पूर्वी पाहिलं होतं आणि तेव्हा मला फक्त मॉस दिसली होती. क्लागेनफुर्टहून आल्यावर पुन्हा पाहिलं. आता मला तिच्याभोवती उभी असलेली, हात पुढे करून मागे घेणारी माणसं दिसतात. मदत करता येत असताना न करणं, आणि तरीही जागा न सोडणं, हे काम माझ्या बहिणीनं त्या दिवशी पंधरा तास केलं.

समाप्तीच्या कमानीखालून मी गेले तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते आणि आकाशात अजून निळा उजेड होता. नाव पुकारलं, पदक गळ्यात पडलं, कुणीतरी चंदेरी कागद अंगाभोवती गुंडाळला. मग दोरीच्या पलीकडून बहिणीचे हात आले आणि त्यात लाडू होता.

आम्ही मध्यरात्रीपर्यंत थांबलो. थांबायचंच होतं असं नाही, पण कुणीच जात नव्हतं. वेळ संपत आली तशी बाकांवरची गर्दी वाढली. दुपारी जिंकलेले, अंघोळ करून आलेले, व्यावसायिक खेळाडूही उभे होते. एक पांढऱ्या दाढीचा गृहस्थ बारा वाजायला काही मिनिटं असताना एका बाजूला कलंडत आला. त्याला कुणी शिवलं नाही. दोन्ही बाजूंनी लोक इतके वाकले होते की तो पडलाच असता तर जमिनीवर पोचला नसता. रेषा ओलांडताच चार जणांनी त्याला धरलं.

सायकल सोडवायला गेले तर सायकलींच्या आवाराच्या दारावर सकाळी होता तोच मुलगा. नंबर जुळवून त्यानं सायकल हातात दिली, हवा कमी झालीय म्हणाला आणि पंप आणायला निघाला. मी म्हटलं, आता हिला कुठं जायचंय. तरी त्यानं भरली.

परत आल्यावर हिवाळ्यात कोल्हापुरात एक ट्रायथलॉन झाली. सर म्हणाले, उतरणार ना? मी म्हटलं, यंदा पाण्याचं टेबल द्या. माझ्या वर्गातल्या काही मुली घेऊन मी पहाटे पाचला रस्त्याच्या कडेला टेबल मांडलं. बहीण मिठाचे बटाटे घेऊन आली, गगनबावड्याचे मामा लिंबांची पिशवी घेऊन एसटीनं उतरले. मुलींना मी दाखवलं: ग्लास अर्धाच भरायचा, भरलेला सांडतो. वरून बोटांच्या चिमटीत धरायचा, म्हणजे पळणाऱ्याला खालून अख्खा हात घालून घेता येतो. हात ताठ, पण कोपर सैल. आत काय आहे ते ओरडून सांगायचं, साधं पाणी की लिंबू-मीठ. आणि छातीवरचं नाव आधी वाचायचं.

"मॅडम, नाव वाचता नाही आलं तर?" एकीनं विचारलं.

"वाचायचा प्रयत्न करायचा. आला बघ पहिला, हात पुढे कर."